पट्ट्यावरून तारेवर

पद्मिनीचं बॉनेट उघडलं की रेडिएटरच्या मागे लगेच पंखा दिसतो. त्याला स्वतःचं असं काहीच नाही. मोटर नाही, तार नाही, बटण नाही. पाण्याच्या पंपाच्या तोंडावर तो बोल्टांनी आवळलेला असतो, आणि इंजिनच्या पुलीवरून आलेला एकच फॅन बेल्ट पंप, पंखा आणि डायनमो या तिघांना फिरवतो. अँबॅसडरची मांडणी अशीच, जुन्या महिंद्रा जीपचीही अशीच. इंजिन चालू की पंखा चालू, इंजिन बंद की पंखा बंद. बिघडण्यासारखं त्यात फारसं नाही आणि पट्टा तुटला तर तो कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळायचा.

अशा गाड्या हौसेने सांभाळणारी मंडळी कधी ना कधी या पंख्याकडे संशयाने बघू लागतात. गाडी तापते, सिग्नलला काटा वर चढतो, मग कुणीतरी सुचवतं: हा काढून टाक, नव्या गाडीचा इलेक्ट्रिक पंखा बसव, कटकट मिटेल. सल्ला वाईट नाही. पण गाडी नेमकी कुठे आणि कधी तापते हे विचारल्याशिवाय तो देणं म्हणजे ताप कसला आहे ते न बघता गोळी देण्यासारखं आहे.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलमधली ऊर्जा ढोबळमानाने तीन वाटांनी जाते. एक तृतीयांशाहून थोडी कमीच चाकांच्या कामी येते, साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि उरलेल्यातली बहुतेक इंजिनभोवतीच्या पाण्यात उतरते. पाण्याने ती रेडिएटरपर्यंत नुसती वाहून आणायची असते. बाहेर टाकण्याचं काम हवेचं. समजा पाण्यातून दहा किलोवॅट उष्णता काढायची आहे. बाथरूममधले पाच गीझर एकदम चालू केले तर जेवढी उष्णता होईल तेवढी ही झाली. रेडिएटरच्या जाळीतून जाताना हवा तीस अंशांनी तापते असं धरलं तर तासाला सुमारे हजार घनमीटर हवा लागते. आता गाडी ताशी साठ किलोमीटरने चालली आहे आणि रेडिएटरचं तोंड दीड फूट बाय एक फूट आहे असं समजा. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा अवघा पाचवा हिस्सा जाळीतून आत शिरला तरी तासाला दीड हजार घनमीटरच्या वर हवा मिळते. पंख्याची गरजच पडत नाही. पंखा लागतो तो गाडी थांबली की, रांगत चालली की, किंवा चढाला लागली की.

पट्ट्यावरच्या पंख्याची गोची इथेच आहे. सिग्नलला इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर गुरगुरत असतं, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी पंखा सर्वांत मंद. हमरस्त्यावर वारा फुकट मिळत असतो तेव्हा पंखा सर्वांत जोरात. आणि हा जोर स्वस्त नसतो. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, पण पंखा फिरवायला लागणारी शक्ती आठपट होते. शक्ती वेगाच्या घनाने वाढते, हा पंख्यांचा नियम आहे आणि तो घरातल्या एक्झॉस्ट फॅनपासून बोगद्यातल्या पंख्यापर्यंत सगळीकडे लागू आहे. आठशे फेऱ्यांवर पंखा चाळीस वॅट खात असेल तर बत्तीसशे फेऱ्यांवर तो चौसष्टपट, म्हणजे अडीच हजार वॅटच्या आसपास खाईल. हे झाले जवळपास साडेतीन हॉर्सपॉवर. धावत्या गाडीत समोरचा वारा पात्यांवरचा भार थोडा हलका करतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा कमी भरतो. तरीही ज्या इंजिनाची सगळी ताकद चाळीस-पन्नास हॉर्सपॉवर, त्याने त्यातली दोन-तीन नको असलेल्या वाऱ्यावर उधळणं हे काही शहाणपणाचं नाही.

हे अभियंत्यांना सुरुवातीपासून ठाऊक नव्हतं असं नाही. १९०० साली विल्हेल्म मायबाखने डाइमलर कंपनीसाठी पहिली मर्सिडीज, म्हणजे पस्तीस हॉर्सपॉवरची गाडी आखली, तेव्हा तिच्या नाकावर पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. सहा मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या, एकूण ८,०७०. त्यामागे एक छोटा पंखा, गाडी हळू असताना हवा ओढायला. आजच्या रेडिएटरचा आणि पंख्याचा वंश तिथून सुरू होतो. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत हाच पंखा चामड्याच्या पट्ट्यावर फिरायचा. पुढची साठ-सत्तर वर्षं पट्टा बदलला, पाती बदलली, पण पंखा इंजिनला बांधलेलाच राहिला, कारण त्याला फिरवण्याइतकी वीज गाडीत शिल्लक नसायची. सहा व्होल्टची बॅटरी आणि जेमतेम दिवे पेटवणारा डायनमो, त्यावर पंखा कुठून चालवणार?

मधल्या काळात एक तडजोड निघाली आणि ती आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत आजही दिसते. पंखा आणि पुली यांच्या मध्ये एक चपटी डबी असते. तिच्यात दाट सिलिकॉन तेल असतं आणि पुढच्या बाजूला दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी उलगडते, तेलाची झडप उघडते आणि तेलाच्या चिकटपणाने पंखा पुलीबरोबर ओढला जातो. हवा थंड असली की तेल बाजूला जातं आणि पंखा नुसता रेंगाळत फिरतो. गॅरेजमध्ये याला व्हिस्कस फॅन म्हणतात. इंजिन बंद करून पातं हाताने फिरवून बघावं. गरम इंजिनावरही ते अगदी मोकळं, गरगर फिरलं तर डबीतलं तेल गळून गेलंय असं समजायचं.

विजेवरचा पंखा बड्या नावाच्या गाडीत लवकर आला. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वारची ई-टाइप लोकांसमोर आली तेव्हा तिच्या लांबलचक नाकात रेडिएटरमागे तापमानावर चालू-बंद होणारा इलेक्ट्रिक पंखा होता. गाडी ताशी दोनशेच्या वर पळायची आणि शहरातल्या कोंडीत तापायची. ही तक्रार तिच्या पाठीशी वर्षानुवर्षं राहिली. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने एकाऐवजी दोन पंखे दिले. पंखा विजेवर आणला की काम फत्ते, असं मानणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी.

सर्वसामान्य गाड्यांत तो रुळला त्याचं श्रेय बहुतेक वेळा इंधनबचतीला दिलं जातं. १९७३ चा तेलाचा भडका आणि १९७५ चा अमेरिकेतला इंधनकायदा यांचा त्यात वाटा आहेच. पण मला वाटतं खरं कारण जास्त साधं आहे. इंजिन आडवं झालं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत जागा वाचवायला इंजिन रुंदीत बसवलं आणि मग त्याची पुली रेडिएटरकडे नाही, तर चाकाकडे तोंड करून राहिली. १९५९ च्या मिनी गाडीत तिचा आराखडा करणाऱ्या इसिगोनिसने यावर उपाय म्हणून रेडिएटरच कुशीला नेऊन ठेवला आणि पंखा जुन्याच पद्धतीने पट्ट्यावर फिरवला. पुढे रेडिएटर पुन्हा नाकावर हवा झाला तेव्हा पट्टा तिथवर पोचेना, तार मात्र पोचत होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली ती याच घाटाची. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं आडवं इंजिन, पुढे रेडिएटर, त्यामागे विजेचा पंखा. गाडी उभी करून किल्ली काढली आणि तरी बॉनेटखाली काहीतरी फिरतंय, हे बघून सुरुवातीला लोक चक्रावायचे.

आता पुन्हा आपल्या तापणाऱ्या पद्मिनीकडे येऊ.

गाडी फक्त कोंडीत तापत असेल आणि मोकळ्या रस्त्याला लागताच काटा खाली येत असेल, तर दोष हवेचा. इथे इलेक्ट्रिक पंखा खरोखर उपयोगी पडेल. पण गाडी हमरस्त्यावर ऐंशीच्या वेगाने चालताना तापत असेल तर पंख्याशी त्याचा काही संबंध नाही. तिथे वारा मुबलक आहे, म्हणजे पाणी नीट फिरत नाहीये किंवा रेडिएटर चोकअप झालाय. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतो. रेडिएटरवाल्याकडे नेऊन वरची-खालची टाकी काढायची आणि नळ्यांत पट्टी घालून रॉडिंग करून घ्यायचं, हे पंख्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. टोपीचं रबर कडक झालं असेल तर टोपी दाब धरत नाही. पाऊण-एक बार दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू ११५ ते १२० अंशांपर्यंत जातो. दाब गेला की पाणी शंभराला उकळतं आणि महाबळेश्वरसारख्या उंचीवर तर पंचाण्णवच्या आसपासच. आणि टाकीत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. तिथे पंखा बदलणं म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणं.

तिसरी एक जात आहे: गाडी गावात तापत नाही, हमरस्त्यावर तापत नाही, पण घाटात तापते. इथे गणित उलटं पडतं, आणि बहुतेकांना ते फार उशिरा कळतं.

खोपोलीहून खंडाळ्याला चढताना गाडी सुमारे पाचशे मीटर वर जाते. माणसं-सामान धरून बाराशे किलोची गाडी एवढी उचलायला जवळपास साठ लाख ज्यूल लागतात. चाकाकडे जेवढी ऊर्जा जाते साधारण तेवढीच पाण्यात उतरते हे वर आलंच आहे, म्हणजे नुसत्या चढाईपायी वीस मिनिटांत साठ लाख ज्यूल उष्णता रेडिएटरमध्ये येणार. सरासरी पाच किलोवॅट. रस्त्याचं घर्षण आणि इंजिनची स्वतःची उस्तवार धरली की आकडा दहाच्या घरात जातो. वेग मात्र ताशी पंचवीस-तीस, त्यात मागून वारा असला तर समोरून काहीच नाही. जोडून सुट्ट्या आल्या की याच घाटात कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग लागते ती उगाच नाही.

पण पट्ट्यावरचा पंखा घाटात काय करतो ते बघा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या आसपास. म्हणजे पंखा अगदी जोरात फिरतोय आणि या एका ठिकाणी त्याचा तो जोर कामाचा आहे. सिग्नलला निरुपयोगी आणि हमरस्त्यावर उधळ्या असलेला हा पंखा घाटात चोख काम करतो. विजेच्या पंख्याला इंजिनच्या वेगाशी देणंघेणं नाही. तो कोंडीत जेवढी हवा ओढतो तेवढीच घाटात ओढणार. मारुती ८०० चा शंभरेक वॅटचा पंखा काढून मोठ्या इंजिनच्या गाडीला लावला, दादर-शीव रोजच्या ये-जा करण्यात काटा हलला नाही, मालक खूश झाला आणि मे महिन्यात पहिल्यांदा महाबळेश्वरला निघाल्यावर पसरणीच्या घाटात पाणी उकळलं, असं होऊ शकतं. पंखा निवडायचा तो गावातल्या कोंडीवरून नाही, आपण चढणार असलेल्या सर्वांत वाईट घाटावरून.

खोक्यावर छापलेल्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये. तो मोकळ्या हवेतला असतो. पंख्यापुढे रेडिएटरची दाट जाळी आली की हवा लक्षणीय घटते. पात्याचा व्यास आणि मोटरची वॅटेज बघावी. साधारण दीड लिटरच्या जुन्या पेट्रोल गाडीला बारा इंचांचा, दीडशे-दोनशे वॅटचा पंखा असला तर घाटात जीव टांगणीला लागत नाही. त्याहून महत्त्वाचा भाग म्हणजे श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं घमेल्यासारखं प्लास्टिकचं कडं. ते नसेल तर पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोलातून हवा ओढतो आणि जाळीचे चारी कोपरे नुसते बसून राहतात. भंगार बाजारात पंखा घेताना श्राउडसकट घ्यावा. कित्येक जुन्या गाड्यांत कंपनीने श्राउड दिलेलंच नव्हतं. अशा गाडीत आहे त्याच पंख्याला पत्र्याचं कडं करून लावलं तर कधी कधी एवढ्यावरच भागतं आणि पुढचं हे प्रकरण वाचायची गरज राहत नाही.

ती राहिली असेल तर आता विजेकडे वळू. हे काम पंखा बदलण्याचं म्हणून ओळखलं जात असलं तरी निम्म्याहून अधिक ते वायरमनचं आहे.

दोनशे वॅटचा पंखा साडेतेरा व्होल्टवर पंधरा अँपिअर खातो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या दोन-तीन पट. जुन्या गाड्यांतल्या लुकासच्या सी-४० डायनमोची कमाल मर्यादा बावीस अँपिअर, तीही इंजिन बऱ्यापैकी फिरत असताना. इंजिन मंद झालं की डायनमो जवळजवळ काहीच देत नाही. सिग्नलला डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो तो म्हणूनच. आता पावसाळी रात्र घ्या. हेडलाइट सात-आठ अँपिअर, मागचे दिवे दीड-दोन, वायपर तीन, इग्निशन तीन-चार, आणि त्यावर पंख्याचे पंधरा. बेरीज तीस. शीवच्या सिग्नलला डायनमोकडून येणार शून्य, म्हणजे तीसच्या तीस बॅटरीतून. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी अशा कोंडीत तासाभरात मान टाकते. पट्ट्यावरचा पंखा ज्या वेळी कमी पडतो नेमक्या त्याच वेळी विजेचा पंखा सर्वांत जास्त वीज मागतो आणि त्याच वेळी डायनमो हात वर करतो. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी ऑल्टरनेटर, मग पंखा. ऑल्टरनेटर मंद इंजिनावरही त्याच्या क्षमतेचा मोठा हिस्सा देतो.

जुनी ब्रिटिश गाडी असेल तर आणखी एक गोष्ट तपासायची. साठच्या दशकापर्यंत यातल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असायचं. तिथे आजचा पंखा तारांचा रंग बघून जोडला तर तो उलटा फिरेल. मोटर जळत नाही, पंखा गरगर फिरताना दिसतो, फक्त हवा ओढायच्या ऐवजी ढकलत असतो. कागदाचा तुकडा जाळीसमोर पुढून धरावा. तो जाळीला चिकटला पाहिजे.

इथे कुणी विचारेल की इंजिनने ऑल्टरनेटर फिरवायचा, त्याने वीज करायची, विजेने मोटर फिरवायची, यात बचत कसली? प्रश्न बरोबर आहे. ऑल्टरनेटरमध्ये जवळजवळ चाळीस टक्के वाया जातं, मोटरमध्ये आणखी तीसेक. इंजिनने दिलेल्या शंभर वॅटमधले चाळीसच्या आसपास पात्यापर्यंत पोचतात. पट्टा याहून कितीतरी इमानदार. विजेचा पंखा जिंकतो तो कार्यक्षमतेवर नाही, बंद राहण्यावर. दिवसातला बराच वेळ त्याला सुट्टी असते म्हणून हिशेब जमतो.

आणि आपल्याकडे नेमकी ही सुट्टीच काढून घेतली जाते. तापमानाचा स्विच एकदा दगा देतो, मालक वैतागतो आणि मिस्त्री म्हणतो, "साहेब, डायरेक्ट करून टाकतो." म्हणजे किल्ली फिरवली की पंखा सुरू, किल्ली काढेपर्यंत चालू. टेन्शन नाही. पण मग पट्ट्यावरचा पंखा काय वाईट होता? तोही हेच करत होता, कमी नासाडीत. डायरेक्टचा सख्खा भाऊ म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकणं. दोन्ही झालं की थंडीत सकाळी इंजिन धड तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडर लवकर झिजतात. गाडी तापत नाही एवढंच बघितलं तर उपाय लागू पडला असं वाटतं.

स्विच नीट निवडला तर डायरेक्ट करायची पाळी येत नाही. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह बहुधा ८२ अंशांना उघडायला लागतो. पंख्याचा स्विच त्याच्या वर हवा. ९२ ला सुरू आणि ८७ ला बंद, ही जोडी बऱ्याच गाड्यांत चालते. सुरू आणि बंद यांत पाच अंशांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर पंखा दर दोन सेकंदांनी धडपडत राहील. बंद होण्याचा आकडा व्हॉल्व्हच्या खाली गेला, समजा ७८, तर पंखा एकदा सुरू झाल्यावर थांबणारच नाही, कारण व्हॉल्व्ह पाण्याला तेवढं थंड होऊच देत नाही. हा हिशेब चुकलेल्या गाडीत मग पंखा "अडकला" म्हणून स्विच बदलत बसतात. स्विच कुठे बसवला हेही बघायचं. वरच्या होजमध्ये इंजिनमधून निघालेलं गरम पाणी असतं, खालच्या टाकीत रेडिएटरमधून निवून आलेलं. ९२ चा स्विच खालच्या टाकीत बसवला तर तो पेटेपर्यंत इंजिन शंभरी ओलांडून बसलेलं असेल. बाजारात जाळीत खुपसायची काडी असलेले स्विच मिळतात. सोपे असतात, पण काडी सैल झाली की बाहेरच्या हवेचं तापमान मोजत बसतात.

जोडणीत रिले हवाच. स्विचमधून थेट पंधरा अँपिअर नेले तर त्याचे संपर्क काही महिन्यांत जळतात. दुकानात मिळणाऱ्या साध्या चार टोकांच्या रिलेवर आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड तार, ८७ पासून पंख्याकडे जाणारी तितकीच जाड तार. ८६ ला इग्निशनचा करंट आणि ८५ कडून तापमानाच्या स्विचमार्गे बॉडी. ८५-८६ मधून जेमतेम दीड-दोनशे मिलिअँपिअर जातात, तेवढ्यावर स्विच जन्मभर टिकतो. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात हवा, कारण तो पंखा वाचवायला नाही, तारेला आग लागू नये म्हणून असतो.

तारेच्या जाडीत कंजुषी करू नये. वायरमनकडे हाताशी असलेली दीड चौरस मिलिमीटरची तार तीन मीटर ओढली आणि वीस अँपिअर वाहिले तर वाटेतच पाऊण व्होल्टच्या आसपास गळतो आणि तार कोमट होते. चार चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती पाव व्होल्टवर येते. अर्थिंगची तारही तेवढीच जाड, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळलेली. पंखा मंद फिरतोय अशी तक्रार आली की मोटरला नावं ठेवण्याआधी अर्थिंग बघावं.

आता पंखा प्रत्यक्ष बसवणं. त्याची जागा शक्यतो रेडिएटरमागेच, इंजिनच्या बाजूला, हवा ओढणारा. पुढे बसवला तर हमरस्त्यावर त्याची मोटर आणि पाती स्वतःच वारा अडवतात. जागाच नसेल तर पुढे बसवायचा, पण तेव्हा पात्यांची दिशा त्या कामाची हवी. पंख्याबरोबर प्लास्टिकच्या लांब काड्या मिळतात, जाळीतून आरपार ओवून पंखा थेट जाळीला आवळायच्या. काम पाच मिनिटांचं, मोह मोठा. पण पंख्याचं वजन आणि हादरे नाजूक फिन्सवर येतात. काडी महिनोन्महिने घासत राहते आणि एके दिवशी नळीला टाचणीएवढं भोक पडतं. हिरवट कूलंटचा ओघळ जाळीच्या मधोमध दिसला, कडेला नाही, की कारण ओळखावं. रेडिएटरच्या चौकटीला लोखंडी पट्ट्या मारून पंखा त्यावर बसवावा.

जुना पंखा काढताना एक फसगत होते. पंखा आणि पुली त्याच बोल्टांनी आवळलेले असतात. पंखा काढला की बोल्ट तेवढेच लांब उरतात, तसेच पुन्हा घट्ट केले तर मागे पंपाच्या अंगाला टेकतात किंवा पुली सैलच राहते. पंख्याच्या जाडीएवढे वॉशर घालायचे नाहीतर आखूड बोल्ट आणायचे. आणि पट्टा राहू द्यायचा. नवशिक्या पोराने "आता पंखा नाही तर पट्टा कशाला" म्हणून तो काढला तर पंप आणि ऑल्टरनेटर दोन्ही थांबतील.

एवढं करून पदरात काय पडतं? बॉनेटखालचा तो घों-घों आवाज जातो, आणि पहिल्या दिवशी हाच फरक सर्वांत जास्त जाणवतो. वेग घेताना इंजिन जरा मोकळं वाटतं. मायलेजमध्ये चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. कोकणात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्यांना आणखी एक फायदा आहे. साचलेल्या पाण्यात पट्ट्यावरचा पंखा इंजिनभर पाणी उडवतो, डिस्ट्रिब्युटर भिजून गाडी बंद पडते. पाणी खोल असेल तर पाती पुढे वाकून रेडिएटरला लागण्याचीही भीती. म्हणून जीपवाले ओढा ओलांडण्याआधी पट्टाच सैल करायचे. विजेचा पंखा एका बटणाने बंद करता येतो. तसं बटण डॅशबोर्डवर ठेवावं, जबरदस्तीने चालू करायलाही उपयोगी पडतं. शेजारी एक छोटा दिवा, पंख्याला खरोखर करंट पोचल्यावरच पेटणारा. पट्ट्यावरचा पंखा बंद पडायचा तेव्हा पट्टा तुटलेला असायचा आणि लाल दिवा ओरडून सांगायचा. विजेचा पंखा काही न बोलता मरतो.

एसी बसवलेला असेल तर कंप्रेसर लागताच पंखाही लागला पाहिजे, कारण रेडिएटरपुढे आता कंडेन्सर आहे. त्यासाठी वेगळा रिले. आणि किल्ली काढल्यावरही चालणारी जोडणी केली असेल तर बॉनेटमध्ये हात घालणाऱ्या प्रत्येकाला ते सांगून ठेवावं, बोटं सगळ्यांचीच असतात. तशा जोडणीचा फायदाही वाटतो त्यापेक्षा कमी. इंजिन बंद की पंपही बंद, मग पंखा फक्त रेडिएटरमधलं पाणी थंड करतो, इंजिनमधलं नाही.

हा बदल सगळ्या गाड्यांना करावा असं मात्र नाही. मोठ्या ट्रकच्या पंख्याला पूर्ण भारावर वीसेक किलोवॅट लागू शकतात. चोवीस व्होल्टवर ते आठशे अँपिअरच्या वर जातं. एवढी वीज नेणारी तार मनगटाएवढी होईल. म्हणून ट्रकचे पंखे इंजिनलाच बांधलेले आहेत, फक्त मध्ये क्लच आला. मागे इंजिन असलेल्या अनेक बसमध्ये रेडिएटर कुशीला असतो आणि पंखा तेलाच्या दाबावर फिरणाऱ्या मोटरवर चालतो.

सगळं जोडून झालं की गाडी उभी ठेवून चाचणी घ्यावी. हेडलाइट, वायपर सगळं चालू करायचं, बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावायचा आणि इंजिन मंद ठेवून वाट बघायची. पंखा आपोआप सुरू व्हावा, बंद व्हावा, पुन्हा सुरू व्हावा. पंखा चालू असताना व्होल्टेज तेराच्या खाली घसरून तिथेच राहत असेल तर ऑल्टरनेटर अपुरा आहे. जाड तारेवर आणि रिलेवर हात ठेवून बघावा, कोमट ठीक, चटका बसत असेल तर नाही. मग मे महिन्यातली एखादी दुपार बघून गाडी घाटात न्यायची, पाण्याचा कॅन डिकीत ठेवून.

काढलेला पंखा भंगारात देऊ नये. बोल्टांसकट पुडक्यात बांधून ठेवावा. व्हिंटेज गाड्यांच्या स्पर्धांत मूळ भागांना गुण असतात आणि गाडी विकताना घेणारा तो मागू शकतो. पंप तोच आहे, पट्टा तोच आहे. परत बसवायला अर्धा तास पुरतो.